नाकवाले काका

रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळणाऱ्या काकांना सगळे 'नाकवाले' म्हणत. पिंपाचं बूच काढून खोल श्वास घेतला, की आत कोणतं द्रावण आहे ते अचूक सांगत. सत्तावीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

त्या सकाळी साहेबांनी सरकारी आदेश फलकावर लावायला दिला. लावता लावता काकांनी तो वाचला. चार द्रावणांमुळे कर्करोग होत असल्याचा संशय होता, वापर ताबडतोब थांबवायचा होता. चारही त्यांच्या रोजच्या वासातली! हातातल्या टाचण्या खाली सांडल्या. वर्षभरापूर्वी लेक इथेच लागली होती आणि ही विद्या तिला त्यांनीच हौसेने शिकवली होती.

ते धावत गोदामात गेले. लेक डोळे मिटून पिंपावर वाकली होती.

"बाबा, सांगू नका हं," ती हसली, "आज मीच ओळखते."