कवायतीचा हट्ट

शाळेच्या पडवीत बाईंनी नवा नियम वाचून दाखवला तेव्हा मी सातवीत होते. पाचवीपासून पुढच्या सगळ्या मुलींना रोज अर्धा तास कवायत सक्तीची. जी चुकवील तिचा सातवीच्या फायनल परीक्षेचा फॉर्म भरला जाणार नाही. फायनल पास झाल्याशिवाय मास्तरीण होता येत नसे, आणि मला तर मास्तरीणच व्हायचं होतं. सोलापुरातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत चौथीच्या पुढे गेलेली पोरगी मी एकटी. मिजास काही कमी नव्हती माझी!

घरी सांगितलं नि भडका उडाला. आबा मागावर बसले होते, धोटा हातातच राहिला.

"पटांगणात उड्या मारणार? रस्त्यानं जाणारी माणसं बघणार? शिकायला घातलंय तुला. चार दिसांत शाळेत येतो नि नाव कमी करतो."

आई आबांच्या पुढे कधीच बोलायची नाही, याचा मला तेव्हा लई राग यायचा.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे जाऊन रडले. म्हटलं, मला तेवढी सूट द्या. बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुला सूट दिली तर उद्या अख्खा वर्ग रडत येईल. नियम सगळ्यांना सारखा." वर वडिलांचं मन वळवायचं काम माझंच, असंही ऐकवलं. बाईंचाही संताप आला. म्हणे मन वळवा! आमच्या आबांचं मन म्हणजे काय मागावरचं सूत होतं?

त्याच आठवड्यात आमचा ताणा लागला. ताणा म्हणजे लुगड्याचं उभं सूत. ते अख्ख्या गल्लीभर काठ्यांवर ताणून बांधायचं, त्याला खळ लावायची, आणि खळ ओली आहे तोवर दोन्ही बाजूंनी कुंचा, म्हणजे सूत विंचरायचा रुंद ब्रश, मारत चालायचं. एका बाजूनं आई, दुसऱ्या बाजूनं मी. एकदा कुंचा टेकवला की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत थांबायचं नाही, वळायचं नाही. मधेच वळलं तर तिथं खळ साचते, सूत चिकटतं, आणि पुढे मागावर तुटत राहतं. सहा वर्षांची असल्यापासून मी असं चालत होते. कासोटा घट्ट खोचून, लुगडं गुडघ्यापर्यंत, डोक्यावर पदर नाही. टांगेवाले, गिरणीतून सुटलेली माणसं, भाजीवाले, सगळे शेजारून जायचे.

त्या सकाळी आबांनी खळ लावली. मी उंबऱ्यावर बसून राहिले.

"ऊठ की," आबा म्हणाले.

"मी न्हाय येत. गल्लीत माणसं बघतात."

क्षणभर त्यांना काही कळलंच नाही. मग कळलं. तोंड लालबुंद झालं. पण मी उंबरा सोडला नाही. समोरची तेलुगू मावशी तिच्या दारात रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. रहाट थांबवून ती हसली आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "खरं बोलती की पोरगी!"

"तू गप बस," आबा तिच्यावर खेकसले. मग माझ्याकडे वळले. "अगं, ऊन चढतंय. खळ वाळंल. ऊठ."

"कवायतीला जाऊ?"

"आधी ऊठ."

"आधी सांगा."

असं मी आबांना आयुष्यात कधी बोलले नव्हते. आता थोबाडीत बसणार म्हणून डोळे मिटले. तेवढ्यात आईचा आवाज आला, "हो म्हणा की एकदा! माझ्या एकटीच्यानं कुंचा व्हनार हाय का?"

आबांनी हात झटकला. "जा बाई, काय करायचं ते कर. पण सूत मरायला नको."

उंबऱ्यावरून उठले ती धावतच. त्या दिवशी असा कुंचा मारला की एक धागा चिकटला नाही.

दुपारी कवायतीच्या रांगेत उभी राहिले. पटांगणाला कमरेएवढी भिंत, पलीकडे रस्ता. बाईंनी शिट्टी वाजवली आणि आम्ही ताठ मानेनं चालू लागलो. चालणं हे माझं घरचंच काम. मी आपली नजर समोर ठेवून निघाले. मधेच बाई ओरडल्या, "मागे फिर!" सगळ्या फिरल्या. मी चालतच राहिले. ताण्याला कुणी मधनं फिरतं का? टोक आल्याशिवाय पाय वळेचनात. मागे मुली खिदळायला लागल्या तेव्हा कुठे चूक कळली, पण तोवर मी थेट भिंतीशी जाऊन उभी होते.

आणि भिंतीच्या पलीकडे आबा. खांद्यावर सुताचं गाठोडं. आमच्या सूतवाल्याचं दुकान शाळेच्या वाटेवर नव्हतंच. शब्द फिरवला यांनी, नाव कमी करायला आले, दुसरं काय!

आबांनी इकडेतिकडे बघितलं. मग गाठोडं सावरत, भिंतीवर वाकून हळूच म्हणाले, "अगं, ह्यो ताणा न्हाय. बाई फिर म्हनल्यात, फिर की! आन् पाय जोरात आपट."