पुढून बुटकी गाडी

दुर्पता ढिवराच्या घरची. सकाळी तलावावर मासे घ्यायची, गाडीच्या मागे दोन्ही बाजूंना डबे लटकवायची आणि कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर पोचवून यायची. गाडी म्हणजे नवऱ्याची, यादोरावची मोटरसायकल. बाई ठेंगणी, गाडीवर बसली की पायाची नुसती बोटं जमिनीला लागत. एकदा थांबता थांबता डब्यांसकट कलंडली.

"थांब व, तुह्यासाठी गाडीच बुटकी करतो," यादोराव म्हणाला. गावातले पंप, इंजिनं तोच दुरुस्त करी. त्यानं हँडलाजवळचे बोल्ट सैल केले, पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपचे दोन्ही पाइप वर सरकवले आणि गाडीचं तोंड तीन बोटं खाली आणलं. मागचं होतं तसंच ठेवलं. गल्लीतून चक्कर मारून आला. "मक्खन चालते!"

गल्लीत खरंच हलकी वाटे. पण हायवेच्या उतारावर, डबे भरलेले असताना, हँडल तिच्या हातात डावी-उजवीकडे थरथरलं. वेग कमी केला तसं थांबलं. दुसऱ्या खेपेला थरथर लवकर सुरू झाली आणि उशिरा थांबली.

"हँडल माह्या हातात नाई रायलं आता," तिनं घरी सांगितलं.

"तू लय आवळून धरतेस."

"मंग तुमीच चालवा ना भरल्या डब्यांनं!"

तो हसत निघाला. ती मागून ऑटोनं निघाली. उतार लागला तसं तिला पुढचं चाक फडफडताना दिसलं. ती ओरडली, ऑटोवाल्याखेरीज कोणाला ऐकू गेलं नाही. पुढचा ट्रक हळू झाला, यादोरावनं पुढचा ब्रेक दाबला, गाडीचं तोंड आणखी खाली बसलं आणि हँडल एका झटक्यात आडवं झालं.

ती धावत पोचली तेव्हा रस्ताभर मासे तडफडत होते. यादोरावची मांडी भलतीकडेच वळलेली. "म्या आवळलं नव्हतं व," एवढंच तो बोलला.

कोहमाऱ्याच्या उदाराम मिस्त्रीनं मोडकी गाडी पाहिली. "पाइप तिरपे असतात ना वहिनी, म्हणून चाक हँडलाच्या मागं ओढल्यासारखं येते, आपोआप सरळ होते. तोंड खाली केलं, पाइप उभे झाले. ओढ कमी झाली. उतारावर ब्रेक मारला की होती तेवढीबी जाते."

त्यानं पाइप मूळ जागी बसवले, पाय टेकावेत म्हणून सीटचा फोम कापून दिला. दुर्पता पुन्हा मासे नेऊ लागली. यादोरावच्या पायात डॉक्टरांनी सळई टाकली. तो दिवसभर ओसरीत खाटेवर असे.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "आणखी दोघांच्या गाड्या केल्या म्या तशा. तुह्यी पाहून आले होते. म्हणे, झकास दिसते."

"कोणाच्या?" तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"हेमराजची आन् भुपेंद्रची."

ती तशीच उठून दोघांकडे गेली. हेमराजनं निमूट गाडी उदारामकडे नेली. भुपेंद्र देवरीकडे सासुरवाडीला निघाला होता, मागे बायको, पुढे टाकीवर लेकरू.

"भाऊजी, नोका जाऊ या गाडीनं!"

"काऊन घाबरवून राहिली वहिनी? यादोरावले चालवता नाई आली," तो म्हणाला आणि गेला.

दुर्पतानं घरी येऊन सांगितलं. यादोरावनं भुपेंद्रला फोन लावला. पलीकडे नुसती घंटी वाजत राहिली.