भूम ते मुरूम, सीट न हलवता

सुनंदा जाऊन पाच महिने झाले. तेव्हापासून तिची गाडी भूमला आमच्या दारात उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून मी दर रविवारी दारातूनच हात घालून चावी फिरवायचो आणि दहा मिनिटांनी बंद करायचो. आत बसत नव्हतो.

गाडी साधी, छोटी, सात वर्षांची. सुनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि रोज तीच गाडी घेऊन जायची. मी पाणीपुरवठा खात्यात लिपिक होतो, कचेरी घराजवळ होती. त्यामुळे मी फक्त रविवारी, बाजारापुरती गाडी चालवायचो.

तिची धाकटी बहीण मंदा मुरूमला असते. मंदाची मुलगी पल्लवी नुकतीच नर्स म्हणून एका उपकेंद्रावर लागली आहे. त्या गावाला एसटी दिवसातून दोनदाच जाते. तेराव्याला मीच बोलून गेलो होतो, "गाडी पल्लवीला देतो." बोललो खरा, पण नंतर ती देववेना. मंदानं एकदाही आठवण केली नाही, म्हणून जास्तच अवघड झालं. शेवटी जानेवारीत एक मंगळवार ठरवला आणि निघालो. या रस्त्यानं कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितो आहे.

सकाळी सात वाजता आत बसलो आणि गुडघे स्टिअरिंगला लागले. सुनंदा पाच फुटांची, मी पावणेसहा फुटांचा. शेवटच्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं जिथं ठेवली होती तिथंच सीट होती. खालचा दांडा ओढला की सीट मागं सरकते, एवढं मलाही माहीत आहे. पण एकदा सरकवली की तिची जागा गेली. महागड्या गाड्यांत सीटला म्हणे आठवण असते, बटण दाबलं की ज्याची त्याची जागा परत येते. आमच्या गाडीत ती सोय नाही. मी सीट तशीच ठेवली आणि पाय दुमडून निघालो.

निघण्याआधी खवा घेतला होता. आमच्या भागातला खवा सुनंदा दर खेपेला बहिणीला न्यायची. पिशवी कुठं ठेवायची कळेना, तेव्हा पुढच्या सीटच्या पाठीला एक छोटा हूक दिसला. पिशवी अडकवली. जवळपास पावणेदोनशे किलोमीटरच्या रस्त्यात ती एकदाही पडली नाही. असल्या गोष्टींना सुनंदा 'फुकटातली सोय' म्हणायची. गाडीबरोबर आलेलं पुस्तक तिनं पेन्सिलीनं खुणा करत वाचलं होतं. मी ते कधी उघडलं नाही.

वाशीच्या बाजूनं हायवेला लागलो. भूमपासून तिथपर्यंतचा रस्ता अरुंद आहे, सकाळी बैलगाड्या आणि दुधाच्या मोटारसायकली असतात, घाई करू नये. पुढं येरमाळा, येडशी, धाराशिव हा रस्ता चांगला. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आली होती. येडशीच्या घाटात थोडा वेळ थांबलो, कारण उजवा गुडघा बोलायला लागला होता.

धाराशिवला स्टँडजवळ सुशीला खाल्ली. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला प्रकार. गरम खावी, वर शेंगदाण्याचं कूट मागून घ्यावं. मग पेट्रोल भरायला गेलो आणि गाडी चुकीच्या बाजूनं लावली. वळवून आणली तर परत तीच बाजू आली. पंपावरच्या बाई हात कमरेवर ठेवून बघत होत्या.

"काका, गाडी चोरीची हाय का?"

"नाही. घरचीच आहे."

"मग टाकी कुण्या बाजूला हाय ते ठावं न्हाय व्हय? पेट्रोलच्या काट्यापाशी बगा की. पंपाचं चित्र हाय, त्याला बाण हाय. बाण जिकडं, टाकी तिकडं."

बाण खरंच होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. सात वर्षं माझ्या डोळ्यांसमोर असणार. बाईंनी टाकीचं झाकण काढलं आणि टाकीवरच्या छोट्या दाराच्या आतल्या खाचेत अडकवलं, म्हणजे ते हातात धरायला नको आणि टपावर विसरायलाही नको. "ह्ये बी नव्हतं ठावं?" त्या हसल्या. सुनंदा बहिणीला फोनवर सांगायची, "हे गाडी घेऊन गेले की पंपावर दोन फेऱ्या ठरलेल्या." मला वाटायचं चेष्टा करते.

तुळजापूरला मंगळवारची गर्दी होती. रांगेत न जाता महाद्वारातूनच हात जोडले. तुम्हाला दर्शन घ्यायचं असेल तर मंगळवार, शुक्रवार टाळा. पल्लवीच्या गाडीत असावी म्हणून एक कवड्यांची माळ घेतली. गाडीतल्या आरशाखाली बरोबर एक छोटी खुंटी होती, तिला माळ टांगली. इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, मीही फुकटातली सोय ओळखायला शिकलो.

पण तुळजापूर सोडल्यावर आरशात मागचं सगळं अंधुक दिसायला लागलं. भर दुपारी मागचा ट्रक सावलीसारखा दिसत होता. आधी वाटलं डोळ्यांत पाणी आलं असेल. रुमालानं पुसले, तरी तेच. मग वाटलं, मोतीबिंदू. नळदुर्गला किल्ल्याकडं न वळता सरळ रस्त्याकडेच्या एका गॅरेजला थांबलो. माझ्याच वयाचे मिस्त्री होते. त्यांनी आत डोकं घातलं.

"माळ देवीची हाय, पर खुंटी माळंची न्हाय," ते म्हणाले. "ह्यो खटका हाय. रातच्याला मागल्या गाडीची लाईट डोळ्यात येऊ ने म्हणून आरसा असा खाली करायचा. तुमी दिवसाढवळ्या रात केली."

माळ काढून त्यांनी खटका वर केला. मागचा ट्रक, कडुलिंब, चहाची टपरी, सगळं लख्ख दिसलं. मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन.

तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. "अन् असे गुडघे तोंडाला लावून कुठवर जाताव?" मी काही म्हणायच्या आत त्यांनी वाकून दांडा ओढला आणि मला सीटसकट मागं ढकललं. खट् असा आवाज झाला.

"सरकवायची नव्हती," मी म्हणालो.

"का? कुणाची ठेव हाय का?"

मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हात पुसत बाजूला झाले. आरशाचे पैसे घ्यायलाही तयार नव्हते. मी सीट पुढं सरकवून बघितली, पण किती पुढं होती ते कशावरून सांगणार? परत मागं घेतली. अणदूर, येणेगूर आणि मग मुरूमकडं वळणारा रस्ता. या पट्ट्यात पाय मोकळे होते, रस्ता सरळ होता, पण त्याबद्दल सांगण्यासारखं मला काही आठवत नाही. आता गाडी द्यायला हरकत नाही, एवढंच मनात येत होतं. तिचं म्हणावं असं त्यात काही राहिलं नव्हतं.

मुरूमला पोचलो तेव्हा चार वाजले होते. मंदानं खव्याची पिशवी बघितली, घेतली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी वाढली. जेवण झाल्यावर मी चावी पल्लवीच्या हातात दिली आणि ती गाडीत बसली. तिचे पाय पोचेनात. सीट पुढं घ्यायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"काका, इथं खाली चिकटपट्टी लावलीय. त्याच्यावर काय तर लिहिलंय."

"काय?"

"पुढच्या पट्टीवर 'मी' लिहिलंय. आन मागच्या पट्टीवर 'हे'." ती वर बघायला लागली. "'हे' म्हणजे काय? हे काय?"

मंदा दारात उभी होती. "अगं येडे, हे म्हणजे हे!" तिनं माझ्याकडं बोट केलं. "दाजी. ताई नाव घेत होती का कधी यांचं?"

मी वाकून बघितलं. सीटच्या रुळाशेजारी जखमेला लावतात तसल्या पांढऱ्या पट्टीचे दोन तुकडे होते. त्यावर फळ्यावरच्यासारखं गोल, सुटं अक्षर. 'मी'. आणि वीतभर मागं 'हे'. सात वर्षं मी दर रविवारी गाडीत बसलो आणि माझे गुडघे कधीच कशाला लागले नाहीत. मला वाटायचं, सीटच तशी आहे. शनिवारी शाळेतून आल्यावर ती सीट मागं घेऊन ठेवत होती आणि सोमवारी परत पुढं. मला कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही.

त्या क्षणी मला गाडी परत न्यावीशी वाटली. मंदाला ते दिसलं असावं. "न्यायची असली तर न्या दाजी," ती हळू म्हणाली. "पोरगी जाईल की एसटीनं."

पल्लवीनं चावी माझ्यापुढं धरली. मी ती घेतली नाही.

"आधी पट्टीपाशी आण," मी म्हणालो.

तिनं सीट पुढं घेतली. खट्, खट्, आणि 'मी'वर थांबली. पाय बरोबर पोचले. हात स्टिअरिंगवर ठेवून ती सरळ बसली. मावशीची आणि तिची उंची एकच.

"बसली," ती म्हणाली.

"मग झालं," मी म्हणालो.

अंधार पडायच्या सुमारास तिनं गल्लीत एक चक्कर मारली आणि गाडी दारात लावून कुलूप केलं. पुढचे दिवे चालूच होते. "लाईट राहिली गं!" मंदा ओरडली. "राहू दे," मी म्हणालो, "घरात पोचेपर्यंत उजेड देते. विझेल आपली आपण." विझली. सुनंदा कधी अंधारात परतली की हे मी दारातून बघायचो. त्या गाडीबद्दल मी कुणाला काही समजावून सांगण्याची ती पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी पल्लवीनं मला उमरग्याच्या स्टँडवर सोडलं. मी डावीकडं बसलो होतो. उतरताना म्हणाली, "काका, पट्ट्या काढणार न्हाय. तुमची बी राहू द्या. तुमी आलात की गाडी तुमीच चालवायची." उमरग्याहून तुळजापूर, तिथून धाराशिव, मग भूम अशी एसटी बदलत आलो. आधीच सांगतो, एसटीची सीट सरकत नाही. गुडघे पुढच्या पाठीला लागले ते भूमपर्यंत.

दारात आता जागा मोकळी आहे. तेलाचा एक डाग आहे, तो मी धुतलेला नाही.

तुम्ही या रस्त्यानं निघालात तर पाणी बरोबर घ्या, पेट्रोल धाराशिवला भरा, बाण बघून गाडी लावा. निघण्यापूर्वी सीटवर बसून बघा. ती तुमच्या मापाची असेल, तर घरात विचारा, कुणी ठेवली.