बिननावाची ओळ

बायको गेली त्या वर्षीच्या थंडीत आमच्या विरंगुळा केंद्रात एक पोरगी यायला लागली. म्हाताऱ्या माणसांच्या मनाचं काय होतं यावर ती संशोधन करत होती आणि ते कुठंतरी छापणार होती. केंद्र म्हणजे महापालिकेनं बांधलेली एक पत्र्याची खोली. हडपसरला जिथं आमचा ऊस होता तिथं आता इमारती आहेत, त्यांच्या मधल्या पट्टीत. आत कॅरम आणि एक पेपर. पेपरची पानं सुटी करून वाटून घेतात. मी चौथीतून शाळा सोडलेला, म्हणून मला बहुतेक जाहिरातींचं पान देतात. मी तेही सावकाश वाचतो, मागितलं तरी लवकर सोडत नाही.

पोरगी एकेकाला कोपऱ्यात बसवून विचारायची.

"बाबा, गेल्या आठवड्यात आनंदी वाटलं का?"

"कशाला वाटायचं? कुणाचं लग्न होतं का?"

"मग उदास वाटतं?"

"तसंही नाही."

"मग काय वाटतं?"

"काही वाटत नाही."

पुढचा प्रश्न विचारायचं सोडून तिनं पेन खाली ठेवलं. म्हणून मी बोललो. म्हटलं, बायकोच्या दहाव्याला गावच्या बाया गळ्यात पडून रडत होत्या आणि मी कुणाची गाडी गेटात आडवी लागलीय ते बघत होतो. घरात टीव्ही चालू असतो. समोर असेल ते बघतो. कुणी बदललं तर बदललेलं बघतो. आणि म्हटलं, "कालवण तिखट झालंय हे मला डोळ्याला पाणी आल्यावर कळतं. जिभेला कळत नाही."

हे मी घरी बोललो नव्हतो. सुनेच्या हाताला चव आहे असं सगळे म्हणतात. तिला उगाच लागायला नको.

पुढं काही दिवसांनी पोरगी परत आली. म्हणाली, "बाबा, तुमचं ते कालवणाचं वाक्य लेखात घ्यायचंय. घेऊ ना?"

"घ्या की. नाव नीट घाला, बापाच्या नावासकट."

"नाव नाही घालता येत. 'एक ज्येष्ठ पुरुष' एवढंच येईल. तुमची ओळख कुणाला कळू नये म्हणून."

"का? मी काय चोरी केलीय?"

ती हसली. मी हसलो नाही.

आमच्या गावात भैरोबाच्या देवळात बैठक बसायची. मागच्या रांगेतून कुणी काही बोललं तर मोठी माणसं वळूनसुद्धा बघायची नाहीत. "पुढं ये, नाव सांग, मग बोल," एवढंच म्हणायची. पुढं न येता बोललेलं ते बोललेलंच नाही, अशी रीत. जमिनी बिल्डरला द्यायच्या ठरल्या तेव्हा मी पुढं गेलो होतो, बापाचं नाव लावून अख्ख्या गावाच्या विरोधात बोललो होतो. कुणी ऐकलं नाही. पण बोललो ते माझं होतं, आजही लोक तसंच सांगतात. आता सबंध वर्षात माझ्या तोंडातून एक खरी गोष्ट निघाली होती, आणि ती बेवारस म्हणून छापायची?

"नाव घाला, नाहीतर वाक्य काढा," मी म्हटलं.

तिनं समजावून बघितलं. नियम असतो, तिच्या मॅडम ऐकणार नाहीत, नाव असलं तर लेख घेणारच नाहीत. मग म्हणाली, "पाठवायच्या आधी परत विचारते, तेव्हाही नको म्हणालात तर काढीन. तुमचा हक्कच आहे. पण बाबा, बाकी माझ्याकडे सगळे आकडेच आहेत हो."

"असू देत."

लेख पाठवायच्या आधी तिनं सगळ्यांना केंद्रात बसवलं. म्हणाली, "मी वाक्यं वाचते. कुणाचं कुठलं ते सांगणार नाही. आपलं नको वाटलं तर जाताना मला बाजूला सांगा." मी ठरवूनच गेलो होतो, काढायलाच सांगायचं.

ती वाचत होती. आमच्यात एक पीएमटीतून निवृत्त झालेला कंडक्टर आहे, तो प्रत्येक वाक्याला तिकीट फाडत होता. "हे ह्याचं! हे त्याचं, हा रोज सुनेच्या नावानं रडतो!" लोक हसत होते. मग माझं आलं. कालवणाचं. कंडक्टर एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागला.

माझ्या शेजारी एक गृहस्थ बसतात. मूळचे पेठेतले, सरकारी कचेरीत कारकून होते. मुलानं इकडं फ्लॅट घेतला म्हणून आले. "आपलं पान झालं का?" यापलीकडं त्यांच्या तोंडातून आम्ही कधी काही ऐकलं नव्हतं. ते उभे राहिले.

"हे माझं आहे," म्हणाले.

कंडक्टर म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं आमटी असते. कालवण कुठनं आलं?"

"लिहिताना बाईंनी बदललं असेल. पण मीच बोललोय हे. आमची ही गेल्यापासून मला घास गिळल्याचंसुद्धा कळत नाही. मुलगा विचारतो, मीठ बरोबर आहे का. मी हो म्हणतो. न चाखताच म्हणतो." मग पोरीकडं वळून म्हणाले, "बाई, एवढं काढू नका."

वाक्य माझं होतं, पण ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा माणूस मला कळतो.

पोरगी माझ्याकडं बघत होती. उठून 'माझं आहे' म्हणायची वेळ होती ती. उठायला म्हणून मी गुडघ्यांवर हात ठेवले, ते तिथंच राहिले. राग येतो का बघितलं, आला नाही. त्यांची कीव येते का बघितलं, तीही नाही. कंडक्टरनं त्यांना पाणी आणून दिलं, त्यांनी भांडं दोन्ही हातांनी धरलं.

जाताना पोरीनं मला दाराशी गाठलं. "बाबा, काढू ना?"

"ते नको म्हणाले ना काढायला?"

"अहो, पण ते तुमचं..."

"भर बैठकीत उठून बोलले ते. मी बसून होतो."

"पण तुम्हाला चालेल?"

"मला विचारू नका. त्यांचं आहे."

घरी सुनेनं विचारलं, काय झालं आज. म्हटलं, वाचन होतं.

लेख छापून आला. पोरगी पेढे घेऊन आली. सगळा इंग्रजीत, त्यामुळं कंडक्टरनं वजनावरनं चांगला आहे असं ठरवलं. कारकुनांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "माझं कुठे आहे?"

पोरीनं एका जागी बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मीही वाकून बघितलं. बारीक अक्षरातली एक ओळ होती, वरखालच्या ओळींसारखीच.

"त्यांना जरा उजेडात दाखवा," मी म्हटलं, "चष्मा जुना आहे त्यांचा."