चिबडीकाठचं बोलणं

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळी परभणीतल्या माझ्या फोटोच्या दुकानाच्या फळ्या काढत होतो, तेवढ्यात पेडगावचा दूधवाला सायकल हातात धरून समोर उभा राहिला. एरवी हा गडी घंटी बडवत येतो आणि उधळल्यासारखा निघून जातो. आज घंटी वाजलीच नाही. “दादा, दुकान लावून घ्या,” म्हणाला, “तुमचे दाजी गेले. पहाटं उठून बसले, च्या मागितला... आक्का च्या घेऊन येस्तवर संपलं व्हतं.” दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. काढलेली फळी मी परत खाचेत बसवली. खोटं कशाला बोलू, त्या वेळी दाजींच्या आधी आक्काच डोळ्यांपुढे आली. आता ही बोलणार कुणाशी, हेच पहिल्यांदा मनात आलं.

मी गेलो तेव्हा आक्का भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती आणि बोलतही नव्हती. आमची आक्का म्हणजे पहाटे डोळा उघडल्यापासून जीभ चालू. शेजारणी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बोलतं करा तिला, न्हाईतर बाई हाय खाईल.” दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे पांगले, तरी ती गप्पच. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची... भेटायला येणारे मात्र दाजींचं गुणगान करून जात. “शिकार सोडून अगदी संत झाले हो शेवटी!” मला हे ऐकवत नसे. दाजी कसले संत! कुणी बदक आणून दिलं तर रस्सा ओरपून वर हाडं चोखणारा माणूस. त्यांचं खरं काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि आक्काला. म्हणून हे लिहायला बसलो.

पेडगावच्या शिवारात जुन्या तळ्याचं पाणी पसरून मोठी दलदल झाली आहे. आमच्याकडे तिला चिबड म्हणतात. काठाला पाणकणसांचं रान, मध्ये कमळं, आणि हिवाळा लागला की वर बदकांचे थवेच थवे. निजामाच्या राज्यात ही चिबड जहागीरदाराची राखीव शिकारगाह होती. गावच्या माणसाला तिथं ढेकूळही फेकायची बंदी. पण दाजींना बंदी नव्हती, कारण दाजींचा नेम. हैदराबादेहून साहेब लोक शिकारीला आले की दाजींना बोलावणं यायचं आणि ते आपली दुनळी बंदूक घेऊन साहेबाच्या मागे अंग चोरून बसायचे. दोन बार एकदमच उडत. पाखरू दाजींच्या छर्‍यांनी पडायचं आणि “वाहवा हुजूर!” साहेबाला मिळायचं. दाजींना त्याचं काही वाटत नसे. आठवडेच्या आठवडे ते चिबडीवर असत आणि आक्का घरी चुलीशी, भांड्यांशी, मांजराशी बोलत असे. एका छपराखाली राहून या दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांना धड ऐकलेलं नव्हतं.

मग पोलीस ॲक्शन झाली. राज्य गेलं, पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या, आणि बंदुका जमा करण्याचा हुकूम आला. दाजी आपली दुनळी तेल लावून, फडक्यात गुंडाळून जमा करून आले. घरी भिंतीत तिच्यासाठी ठोकलेल्या दोन खुंट्या रिकाम्या राहिल्या. थोड्या दिवसांनी ते माझ्या दुकानात येऊन बसले. त्याच सुमारास हैदराबादेहून एक अधिकारी सगळं सामान विकून निघाला होता, आणि त्याचा घडीचा कॅमेरा माझ्याकडे आला होता. दाजींनी तो उचलला, डोळ्याला लावला, आणि विचारलं, “ह्यानं नेम धरता येतो का रे?” मी हसलो. ते हसले नाहीत. कॅमेरा घेऊन गेले आणि घरी त्या खुंट्यांवर टांगला.

पहिला रोल मी धुतला तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. सगळ्या फिल्मभर नुसतं आभाळ! कुठे एका कोपऱ्यात पंखाचं टोक. “दाजी, पाखरू कुठाय?” तर ते प्रिंटवर बोट टेकवून शांतपणे म्हणाले, “हितं येणारच व्हतं ते.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उडत्या पाखराच्या जरा पुढे नेम धरायची आयुष्यभराची सवय! छर्रे पोचेस्तोवर पाखरू तिथं येतं. पण कॅमेरा काही पाखराची वाट बघत नाही. मी तेव्हा इतका हसलो की गिऱ्हाईक दारातून परत गेलं. पुढे कितीतरी दिवस मी त्यांना ‘आभाळाचे फोटोग्राफर’ म्हणायचो. मेहुणाच मी, सोडतो काय!

दाजींनी उडत्या पाखराचा नाद सोडला आणि बसलेल्याकडे वळले. पण खरी अडचण तिथंच होती. दूरचं जवळ आणणारी भिंगं आमच्या भागात कुणी पाहिलेलीही नव्हती. पाखरू मोठं हवं तर आपणच जवळ जायला हवं, आणि दाजी जवळ जाऊ लागले की आख्खी चिबड उठायची. चिबड आता सगळ्यांना मोकळी झाली होती. धनगरांची मेंढरं पाणी प्यायची, बाया लव्हाळं कापायच्या, तरी पाखरांना त्याचं काही नसायचं. दाजी दिसले की मात्र उडाली! त्यांनी सटवाजी धनगराची काळी घोंगडी मागून घेतली. ती डोक्यावरून पांघरून ते मेंढरांत मिसळून गेले. सटवाजीचं कुत्रं तेवढं फसलं नाही, त्यानं भुंकून भुंकून रान उठवलं. सटवाजी पोट धरून हसला आणि म्हणाला, “मालक, पाखरं माज्या मेंढरांस्नी वळखतेत, तशी तुमास्नी बी वळखतेत.”

हे दाजींना लागलं. त्या दिवशी दुकानात येऊन म्हणाले, “लय मारले रे मी. त्याचं काय वाटत न्हाई, खाल्ले बी. पण एकदा... एकदा त्यातल्या एकानं माझ्याकडं बघावं आन् उडू नये. बस.” असलं काही बोलणारा माणूस नव्हता तो. मी आपला फिल्म सुकवायच्या चिमट्यांशी चाळा करत राहिलो.

हे असं दोन-तीन हिवाळे चाललं. मग एका रविवारी दाजी भाकरी घरीच विसरले. आक्कानं कधी चिबड पाहिली नव्हती. शिकारगाह ही काय बायांची जागा? पण त्या दिवशी तिचं डोकं फिरलं, आणि फडक्यात भाकरी बांधून ती तरातरा निघाली. दाजी पाणकणसात दबा धरून, श्वास रोखून बसलेले. पाखरं केव्हाच पलीकडच्या काठाला गेलेली. आणि बांधावरून आक्काचा आवाज येऊ लागला, आक्का दिसायच्याही आधी. दाजींनी हातानं गप्प बस, गप्प बस अशी खूण केली. “हातवारे काय करायलाव? मुके झालाव का? भाकर इसरायची आन् हितं चिखलात बेडकावानी बसायचं!” असं म्हणत ती दाजींनी अंथरलेल्या घोंगडीवर बसली. भाकरी सोडली, पदराच्या ओट्यात तुरीच्या शेंगा होत्या त्या सोलायला घेतल्या, आणि शेजारणीच्या सुनेपासून गिरणीवाल्याच्या काटामारीपर्यंत सगळं सांगायला लागली. दाजींनी कपाळाला हात लावला. आजचा दिवस गेला म्हणून कॅमेरा मिटायला घेतला, तर काय... पलीकडची बदकं तरंगत तरंगत अलीकडे येत होती! पाणकणसातून जांभळी पाणकोंबडी निघून चिखलात चोच मारू लागली. कुणी आक्काकडे ढुंकूनही बघेना.

“ती बोलायलती आन् ते येत व्हते रे,” दाजी मला नंतर सांगत होते. “मी हलेना. इलाजच नव्हता, समदं ऐकून घेतलं. एवढं तिला मी जन्मात ऐकलं नव्हतं.” पाणवठ्यावर श्वास रोखून बसलेला माणूस म्हणजे बंदूक, हे त्या पाखरांना पक्कं कळलेलं होतं. मोठ्यानं भांडणाऱ्या बाईचं त्यांना भय नव्हतं.

त्या रविवारपासून दोघं जोडीनं जाऊ लागली. गावानं नावं ठेवली, म्हातारपणी फिरायला जातात म्हणून. सटवाजीनं घोंगडी परत मागितलीच नाही. घोंगडीच्या डाव्या बाजूला दाजी, उजव्या बाजूला आक्का. मी एकदोनदा मागे बसून तो थाट पाहिला आहे. आक्काचं तोंड अखंड चालू आणि नजर मात्र पाण्यावर. दाजी कॅमेऱ्यात मान घालून बसलेले. पाखरू नीट समोर आलं की आक्का त्याच सुरात, त्याच वाक्यात सांगायची, “म्हशीनं औंदा बी रेडाच दिला, घ्या आता, आन् चारा तर निस्ता संपत आलाय...” मधल्या ‘घ्या आता’ला खटका वाजायचा आणि म्हशीची गोष्ट पुढे चालू.

असाच एकदा कमळपक्षी मिळाला. लांब बोटं पसरून पानावर उभा, मान वळवून थेट दाजींकडे बघतोय. उडालेला नाही. प्रिंट काढली तर उजव्या कडेला आक्काचा पदर धुरकट आलेला. मी म्हटलं, एवढा कापून टाकतो. दाजींनी माझा हातच धरला. “कापू नगस. तिच्यामुळं आलाय त्यो.” पुढे बंदुकीचा परवाना मिळण्यासारखा झाला तेव्हा मी विचारलं, आणता का दुनळी? “नगं. एवढ्या मुश्किलीनं वळख पुसलीया.” फोटो त्यांनी त्या दोन खुंट्यांपैकी एकीला लावला, दुसरीला कॅमेरा. तो फोटो अजून तिथंच आहे.

परवा पौषातल्या एका सकाळी मी आक्काला म्हटलं, चल चिबडीवर. भावकीतल्या एकीनं नाक मुरडलं, अजून वर्षसुद्धा झालं नाही, बाई बाहेर कशी पडते म्हणून. मी तिला दोन शब्द सुनावले, ते इथं लिहीत नाही. आक्का उठली, घोंगडी घेतली, जाता जाता पाटीतल्या तुरीच्या शेंगा ओट्यात टाकल्या. काठावर घोंगडी अंथरून ती आपल्या नेहमीच्या उजव्या बाजूला बसली. मी डावीकडे बसायला गेलो तर तिनं घोंगडीचं टोक ओढून घेतलं. मी मागे बांधावर जाऊन बसलो. दोघंही गप्प. बघता बघता बदकं उठली आणि पलीकडे गेली, पाणकोंबड्या पाणकणसात शिरल्या, समोर नुसतं पाणी राहिलं. आक्का त्या पाण्याकडे बघत होती. मला वाटलं, उगाच आणलं हिला.

बऱ्याच वेळानं तिनं एक शेंग सोलली. मग डावीकडच्या रिकाम्या जागेकडे न बघताच म्हणाली, “असं काय गुमान बसलाव? मिठाची गुळणी धरलीया का?” आवाज फाटलेला होता. तिनं घसा साफ केला. “च्या मागायचा आन् निघून जायाचं... ही काय रीत झाली? म्या कप घेऊन उभी. कुणाला देऊ तो च्या?” डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला ती थांबली नाही. आवाज चढत गेला. च्याचं झालं, तेराव्याला कमी पडलेल्या बुंदीचं झालं, म्हशीचं निघालं. आणि पलीकडची बदकं हळूहळू अलीकडे सरकायला लागली. पाणकणसं हलली. एक कमळपक्षी पान पान करत जवळ आला आणि अगदी समोर थांबला. कॅमेरा घरी खुंटीवर होता, आणायचं मला सुचलंच नव्हतं.

“...म्हस आटायला आलीया, घ्या आता,” आक्का म्हणाली, आणि खटका वाजेल एवढा वेळ थांबून पुढचं सांगू लागली.