परकोटाजवळची बाग

पिकलेल्या पेरूंचा वास आला की चंद्रपूरच्या भर बाजारातली, जुन्या परकोटाला टेकलेली ती छोटीशी बाग आठवते. ऐंशीच्या दशकात वहिनी मला तिथे नागभीडचा मुलगा दाखवायला घेऊन गेली होती, आणि मी नकार ठरवूनच निघाले होते. बाहेर सायकलरिक्षांचा गोंगाट चाललेला. तो मात्र मांडीवर पेरूंची पिशवी घेऊन गप्प. इतक्यात परकोटावरून एक वानर उतरलं आणि त्यानं थेट पिशवीत हात घातला. आम्ही दोघी किंचाळलो. तो शांतपणे वानराला म्हणाला, "घे ना भाऊ, पण एक बाईसाठी राहू दे." मला हसू आवरेना. "काऊन हसून राह्यली?" वहिनीनं दटावलं. "मले पसंत आहे," मी त्याच्यासमोरच बोलून गेले. त्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आज तोच नवरा मला एक वाक्य पुरं करू देत नाही.