पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची फाईल

नव्वदीच्या शेवटी केजला मी संगणकाचा क्लास घ्यायचे. दुपारी मुलं गेली की तिथेच रोजनिशी टाइप करायची, प्रत्येक तारखेची वेगळी फाईल. एकदा सासूबाई बाजार उरकून शेजारी येऊन बसल्या.

"आपली गाय व्याली तो दिस हाय का यात?"

"तारीख कोणती, आत्याबाई?"

"ते मला काय ठावं? पोळ्याच्या दुसऱ्या दिशी."

भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख बघून मी फाईल उघडली आणि वाचू लागले. वासरू उभं राहिलं तेव्हा आत्याबाई रडल्या, असंही त्यात होतं.

"हे कावून लिव्हलंस?" त्या लाजल्या. मग हळूच म्हणाल्या, "पुन्यांदा वाच की."

तेव्हापासून मी फाईलच्या नावात तारखेपुढे सणही लिहू लागले.